सॅव्हिओची लाल गिटार

माणिकपूरला आमच्या पाणीप्रश्नाच्या पत्रकांचा गठ्ठा घ्यायला गेले होते. छापखान्याशेजारच्या दुकानात कुणीतरी गिटारच्या दांडीला लिंबाचं तेल चोळत होतं. त्या वासाने मला थेट मावशीच्या ओटीवर नेलं, शाळेत असतानाच्या एका दुपारी.

मावसभाऊ सॅव्हिओला त्याच्या डॅडींनी कुवेतहून लाल इलेक्ट्रिक गिटार आणली होती. चर्चच्या सणाला तीच वाजणार आणि तोच वाजवणार. गायनमंडळात सूर माझा पक्का, पण मुलीच्या गळ्यात गिटार कोण अडकवणार? लावून द्यायला मात्र मी. माझा नुसता जळफळाट होत होता.

दांडीला तेच तेल चोळलं, तारा चढवल्या, सुरात आणल्या. मग बारीक पान्याने त्यांची दांडीपासूनची उंची कमी करत, वाजवून बघत गेले. शेवटी बोट हलकं टेकवलं तरी स्वर लख्ख निघू लागला.

सॅव्हिओने घेतली आणि दणकून वाजवली. सगळ्या तारा दांडीवर आपटून खरखरल्या.

"बिघडवलीस ना?"

मी हलक्या हाताने वाजवून दाखवली. खरखर नाही.

भाजी निवडणारी मावशी हसली. "तुझ्याच हाताच्या मापाने लावलीस बाय."

"मग आता माझ्या लाव," सॅव्हिओ म्हणाला. "वाजवणार मी आहे."

आज मी हक्कांवर तासभर बोलते. पण ती गिटार मला अजूनही हवी आहे, हे कुठल्याच पत्रकात बसत नाही. त्या दुपारी मी पाना उचलला आणि एकेक तार वर घेत गेले, माझ्या बोटांना जड होईपर्यंत.