साडूने न सोडलेली मोट

माझ्या थोरल्या साडूने डहाणूच्या अख्ख्या बंदराला फसवलं, आणि सगळ्यात आधी मला.

पापलेटाची पिल्लं धरायची नाहीत असं ठरलं, तेव्हा वाळूत आग पेटवणारा तोच होता. त्याआधी आम्ही सगळेच पिल्लं धरायचो, मीसुद्धा. सायवनपर्यंत पाट्या डोक्यावर वाहून विकल्या, त्यातूनच होडी उभी केली. मग मोठं पापलेट दिसेनासं झालं आणि डोळे उघडले. नारळावर हात ठेवून शपथा झाल्या. बारीक भोकांची जाळी आगीत गेली. नायलॉन जळण्याआधी वितळतं. त्याचा एक थेंब माझ्या घोट्यावर पडला, मांस दिसेपर्यंत भाजलं. साडूने जाळ्याची मोट बांधलेली तशीच आगीत फेकली. बायकोने हळदकुंकू लावून बांधलेली मोट दुसऱ्याने सोडायची नाही, ही आमची रीत. कोणी सोडली नाही.

यंदा तलासरीच्या बाजारातून परतताना हायवेला एक टेम्पो उभा दिसला. खालून पाणी गळत होतं. माझं नाक फसत नाही. ताडपत्री उचलली. रुपयाएवढी पापलेटं, ढिगाने, गुजरातेत मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याला निघालेली. पुढच्या सीटवर साडू.

"भाऊ, हे काय?"

"कचरा आहे रे. कोंबड्यांचं खाणं."

"मग त्या दिवशी मोटेत काय जाळलंस?"

तो हसला. "सासऱ्यांचं फाटकं जाळं. तुला कोणी सांगितलं होतं खरं जाळायला? भाव करताना एवढा वस्ताद, आणि शपथेला एवढा भोळा!"

मी त्याला मानगूट धरून खाली ओढला. तोंड बर्फाच्या पेटीवर आपटलं. दोन दात पडले. त्याने बर्फ फोडायचा टोचा माझ्या दंडात खुपसला. मी मूठभर पिल्लं त्याच्या रक्ताळलेल्या तोंडात कोंबली. "खा! नातवंडांच्या वाटचं खा!" ड्रायव्हरने पाठीत लोखंडी दांडा घातला, तेव्हा कुठे माझा हात सुटला.

आता पंच म्हणतात, थोरल्यावर हात टाकलास, माफी माग. मागतो. पण आधी त्याने घरात लपवलेलं ते जाळं वाळूत आणावं, सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने उलगडावं. आणि ज्यांनी खरी जाळी जाळली त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावं, आम्ही उद्या होड्या कशासाठी लोटायच्या?