सहा खोल्यांचं बिल

गायीची धार काढून विमलाबाई रतिबाचं दूध मापत होत्या, तेवढ्यात दारावर थाप पडली. नगरपालिकेचा शिपाई बाबूलाल होता. घरपट्टीचं बिल दर वर्षी तोच आणायचा आणि चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. या खेपेला मात्र कागद हातात देऊन तो सायकल धरून उभाच राहिला.

"वहिनी, औंदा जरा जास्तच हाये."

विमलाबाईंनी हात पदराला पुसून कागद वाचला. सत्तावीस रुपये! मागच्या साली, म्हणजे बासष्टला, पावणेसात भरले होते.

"काहो, आमी काय माडी बांधली का?"

"मले काय माहीत? कचेरीच्या रजिस्टरात सहा खोल्या लिवल्या हायेत. अन् महिन्याचं भाडं चाळीस."

ओट्यावर दातण करणारे सासरे, महागूजी, एकाएकी खोकायला लागले. बालाघाटात चाळीस वर्षं काढलेला, ताठ मिशांचा माणूस. खोटं पचवायची सवय नव्हती. विमलाबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला, तसं म्हाताऱ्याने सांगून टाकलं.

धाकट्या मुलाची, प्रेमलालची, सोयरीक खैरलांजीकडे चालली होती. पोरीवाले हो म्हणण्याआधी गुपचूप माणसं पाठवून घरदार बघून घेतात, हे तिकडच्या सगळ्यांना ठाऊक. महिन्याभरापूर्वी घरं मोजायला नगरपालिकेचे दोन जण टेप आणि वही घेऊन आले. नेमक्या विमलाबाई माहेरी वारासिवनीला गेलेल्या.

"पोरीवाल्यायचेच माणसं हायेत असं वाटलं मले," महागूजी म्हणाले. "टेप पाहून म्हणलो, लय बारीक पाहणारे लोक हायेत! किती खोल्या म्हणून पुसलं. सहा म्हणलो. गोठा धरला, धानाची कोठी धरली, अन् भिंतीपलीकडची शेजारच्या दुलीचंदची खोलीबी आपलीच म्हणून दाखवली. भाडं पुसलं, तं चाळीसच्या खाली सोडत नाही म्हणलो."

बाबूलालने तोंड फिरवून हसू दाबलं.

"मंग जाऊन सांगा ना मामाजी, चुकलं म्हणून."

"कचेरीत चार लोकायसमोर तीन खोल्या म्हणू? खैरलांजीले खबर पोचाले एक बस पुरते. सोयरीक मोडन. त्यापरीस गाय विकतो अन् भरून टाकतो."

विमलाबाईंनी गोठ्याकडे पाहिलं. नवरा वारासिवनीच्या राइस मिलमध्ये, त्याच्या पगारात पोट भरायचं एवढंच. मीठमिरची, दोन्ही पोरींची शाळेची फी, सगळं त्या गायीच्या दुधावर. आणि म्हातारा एकदा बोलला की मागे फिरायचा नाही.

त्यांनी बाबूलालला बळेच बसवलं आणि चहा दिला. "हा आकडा काढतेत तरी कसा?"

"सोपं हाये वहिनी. घर भाड्यानं गेलं तं वर्साचं किती येईन, ते धरायचं. त्यातून दुरुस्तीचा दहावा हिस्सा काढायचा. उरलं त्याच्या रुपयामागं एक आणा. नव्या हिशेबात सव्वासहा पैसे. हरकत घ्याची असन तं पंधरा दिवस हायेत."

विमलाबाई सातवी शिकलेल्या. कोळसा घेऊन त्यांनी चुलीपाशी जमिनीवरच मांडलं. चाळीस बारा चारशे ऐंशी, त्यातून अठ्ठेचाळीस गेले, चारशे बत्तीस उरले. त्याचे बरोबर सत्तावीस. हिशेब चुकला नव्हता, सुरुवातच चुकली होती.

दुपारी त्या दुलीचंदच्या बायकोकडे, सत्यभामाकडे गेल्या. विमलाबाईंच्या भिंतीला लागून असलेलं त्यांचं घर शाळेतल्या मास्तरांना भाड्याने दिलेलं होतं. तीन खोल्या, महिना दहा रुपये. बिल पावणेसात.

"म्हाताऱ्यानं माही खोली चोरली म्हण की!" सत्यभामा पोट धरून हसली, पण बिल आणि भाड्याची पावती दोन्ही काढून दिली.

संध्याकाळी विमलाबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "मामाजी, तुमी तीन खोल्या म्हणूच नका. मी सांगतो तेवढं साहेबाले पुसा. त्यानं नाही ऐकलं तं गाय विका."

सासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी सुनेने बोलायचं नाही, हा घरचा रिवाज. म्हणून हरकतीच्या दिवशी नगरपालिकेच्या कचेरीत विमलाबाई डोक्यावरून पदर ओढून सासऱ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. बाकांवर हरकतवाले दाटीने बसले होते.

"मामाजी, साहेबाले पुसा, गोठा भाड्यानं कोण घेते?" पदराआडून आवाज आला.

"सूनबाई पुसते की—"

"सूनबाई नाही, तुमी पुसता."

बाकांवर खसखस पिकली. महागूजींनी मिशीवरून हात फिरवला. "मी पुसतो साहेब, गोठ्यात कोण भाड्यानं राह्यते? अन् धानाच्या कोठीत?"

साहेब हसले. "कोणी नाही."

"आता म्हणा," मागून पुन्हा आवाज आला, "दुलीचंदचं पान आपल्या पानाशेजारी ठेवून वाचा."

साहेबांनी रजिस्टर उघडायला लावलं. कारकुनाने दोन्ही पानांवर बोट ठेवून वाचलं आणि थबकला. "साहेब, भिंतीजवळची एकच खोली दोन्हीकडं चढली हाये."

आता महागूजींना जोर आला. मागून आवाज यायच्या आधीच ते गरजले, "एका खोलीची पट्टी दोघायपासून घेता? हे पाहा मास्तराच्या भाड्याची पावती! त्याच ओळीतलं घर, त्याच मातीची भिंत, तेच कवेलूचं छप्पर. त्याचे दहा, तं माहे चाळीस कसे?"

साहेबांनी पावती वाचली, पेन उचललं आणि चाळीसवर आडवी रेघ ओढली. एकशेवीस, त्यातून बारा वजा, उरले एकशे आठ. कारकून कागदावर गुणायला लागला.

"पावणेसात," पदराआडून आलं. कारकुनाचा गुणाकार संपून तेच निघालं, तेव्हा बाकावरचा एक जण टाळी वाजवून बसला.

"घर मोठंच हाये माहं," महागूजी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पण सरकारचा कायदा लहान पडते, त्याले मी काय करू!" आणि छाती काढून उभे राहिले. गाय आता गोठ्यातून हलणार नव्हती. खैरलांजीला खबर गेली असेल तर एवढीच, की प्रेमलालच्या बापाने साहेबाला निरुत्तर केलं.

दोन-चार जण आपापली बिलं घेऊन विमलाबाईंभोवती गोळा झाले. "बाई, माहं पाहा ना." "माहं बी." कारकून रजिस्टरातून भाडं वाचत गेला आणि उभ्या उभ्याच, पदराआडून, त्यांनी तिघांची बिलं पाहून दिली, दोघांची बरोबर निघाली, एकाचा दहावा हिस्सा वजा करायचा राहिला होता.

साहेब हे सगळं बघत होते. त्यांनी कारकुनाला थांबवलं आणि विचारलं, "महागूजी, तुमच्या सूनबाईंना आणखी काही सांगायचं आहे का?"

महागूजींनी मागे पाहिलं, मग एक पाऊल बाजूला सरकले. "बोल विमला. तूच बोल."

विमलाबाईंनी पदर कपाळापर्यंत मागे घेतला.

"साहेब, बिलावर नुसती रक्कम राह्यते. खोल्या किती धरल्या, भाडं किती धरलं अन् वजा किती केलं, तेवढं बिलाच्या मागं लिवत जा."