पावलावरची निळी फुली

धुळ्याच्या दवाखान्यात रक्तातलं कोलेस्टेरॉल गाळायचं मशीन चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. वडिलांच्या पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. पाय कापावा लागेल, अशी धास्ती होती, म्हणून आम्ही सोनगीरहून दर आठवड्याला जायचो. तो आधी स्वतःचे हात चोळून गरम करायचा आणि मग डोळे मिटून वडिलांच्या पावलावर नाडी शोधायचा. ती सापडायची नाही. मग तो मशीन लावायचा.

"लोनी निंघनं का भाऊ?" वडील विचारायचे. रक्तातल्या चरबीला ते लोणी म्हणायचे.

"निघालं आबा, पण घरी न्यायला मिळणार नाही."

एकदा त्याचं बोट बराच वेळ एकाच जागी थांबलं. त्याने निळ्या पेनाने तिथे फुली काढली आणि माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. नाडी लागत होती.

"पाय राहतो," एवढंच तो म्हणाला. पुढे दर खेपेला ती फुली तो गिरवायचा.

वडील गेले ते हृदयविकाराने, दोन्ही पायांनिशी. कळवायला गेलो, तेव्हा शेवटच्या अंघोळीनंतरही फुली पुसली गेली नव्हती, हे त्याला सांगितलं. तो उभ्या उभ्या हात चोळून गरम करत राहिला.