रिआच्या अक्रोडाखाली पाच साड्या

अमृताची ती काळी बोटं शैलाच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हती. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता पोरीने केस मागे सारले आणि पाचही बोटांची टोकं काळीकुट्ट दिसली. "अगं, हाताला काय झालं?" असं विचारेपर्यंत हात टेबलाखाली गेलासुद्धा.

"काही नाही आई. शाई आहे."

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या इंजिनिअरला शाई कुठून लागते? शिवाय दोन महिने ती बेस्ट गावातल्या आपल्या घरून ॲमस्टरडॅमजवळ डीमनला, आईबाबांकडे, फिरकली नव्हती. दर शनिवारी बिझी.

"अठ्ठावीस वर्षांची आहे ती," तिचे बाबा, सुदर्शन, पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "भेटला असेल कुणी."

"भेटला असता तर नखं स्वच्छ असती," शैला म्हणाली.

आणि त्या साड्यांचं काय? जूनमध्ये अमृताने आपण होऊन पाच जुन्या साड्या मागितल्या होत्या. शैला हरखून कपाट उघडते तर ही म्हणाली, "सिल्क नको, कॉटन पण नको. पावसात कुजणार नाही अशी. आणि वीण घट्ट पाहिजे." साडीची अशी चौकशी करणारी मुलगी शैलाने तरी पाहिली नव्हती.

शेवटी सप्टेंबरातल्या एका शनिवारी तिने कोथिंबीरवड्यांचा डबा भरला आणि न सांगता बेस्टची गाडी पकडली. घराला कुलूप होतं. पण कुंपणापलीकडून, शेजारच्या रिआच्या बागेतून, अमृताच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

रिआच्या मोठ्या अक्रोडाखाली अमृता गुडघ्यांवर बसली होती. बुंध्यापासून थेट फांद्यांच्या टोकांपर्यंत जमिनीवर साड्या अंथरलेल्या, कडांवर विटा. वर फांद्यांना पिवळे चिकट पत्रे टांगलेले आणि त्यांवर पट्ट्यापट्ट्यांच्या पंखांच्या बारीक माशा चिकटलेल्या.

"ही माझी जांभळी साडी ना गं?"

अमृता दचकली. "आई! फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू हात धुऊन बसली असतीस."

"अक्रोडाच्या सालीचा डाग आहे, धुऊन जात नाही," अमृता हसली आणि तिने एक काळं पडलेलं फळ फोडून दाखवलं. कवचावरच्या हिरव्या सालीचा नुसता काळा चिखल झाला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. अमृता मराठीत सुरुवात करायची आणि मध्येच डचमध्ये शिरायची, पण विषय आवडीचा असला की थांबायची नाही. माशी सालीत अंडी घालते. अळ्या साल खातात, फळ पडलं की मातीत उतरतात आणि हिवाळा तिथेच काढतात. पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन वर येतात. म्हणून जूनपासून साड्या. खालची माशी वर येत नाही, वरची अळी खाली जात नाही. पडलेली फळं रोजच्या रोज उचलायची आणि पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकायची.

"कंपोस्टमध्ये टाकली तर?"

"अजिबात नाही! एक बादली सालं पुरतात आई, सगळं झाड..." अमृता बोलता बोलता थांबली आणि भराभर फळं गोळा करू लागली.

एक बादली. शैलाने वळून अक्रोडाच्या बुंध्याकडे पाहिलं.

तीन वर्षांपूर्वीचा तो कोरडा सप्टेंबर. रिआ कंबरेचं हाड मोडून हॉस्पिटलात होती. शैला इथे अमृताकडे राहायला आली होती. येताना तिने डीमनच्या रस्त्याकडेच्या झाडाखालचे अक्रोड पिशवी भरून आणले होते, सोलून ठेवले होते. बादलीभर काळी सालं उरली. शेजारणीचं झाड तहानलेलं दिसलं, म्हणून तिने माहेरी नारळाला करतात तसं बुंध्याभोवती छान आळं केलं, ओल टिकावी म्हणून ती सालं त्यात पसरली आणि आठवडाभर पाणी घातलं.

तेवढ्यात काठी टेकत रिआ कॉफी घेऊन आली.

"शैला, बरं झालं आलीस! तुझ्या मुलीला समजाव. शुक्रवारी माणसं झाड कापायला येणार आहेत. दोन वर्षं फळं काळी होतायत. म्हातारं झालंय ते, माझ्यासारखं."

"पण या वर्षी निम्मी हिरवी आहेत," अमृता म्हणाली. "झाडाला काही झालेलं नाही. माशी आहे."

"माशी, माशी! चाळीस वर्षं नव्हती, मग आत्ताच कुठून आली? सांग की."

अमृता खाली बघत राहिली. "माहीत नाही."

शैलाने तोंड उघडलं, तोच अमृता मराठीत म्हणाली, "आई, कॉफी घे. गार होईल."

अमृताच्या घरी आल्यावर शैलाने तिला धरलंच. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"काय सांगणार? हॉस्पिटलमधून आल्यावर ते आळं बघून रिआ रडली होती. 'माझ्या झाडाला कुणी पाणी घातलं,' म्हणून. तुझं तेवढंच तिला आठवतं. राहू दे ना तसंच."

अशीच होती ही पोरगी. नऊ वर्षांची असताना शैलाने शाळेच्या चिठ्ठीतली तारीख चुकीची वाचली आणि तिला भलत्याच दिवशी नऊवारी नेसवून पाठवलं. वर्ग हसला. बाईंनी विचारलं तर म्हणाली, मीच आईला चुकीचं सांगितलं. शैलाला हे कळलं चार वर्षांनी, तेही बाईंकडून. आणि आता आईची चूक झाकायला अख्खा उन्हाळा गुडघ्यांवर घालवला. रिआच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं तर झाड वाचलं असतं. ते उत्तर तेवढं ही देणार नव्हती.

परतीच्या वाटेवर डेन बॉशला गाडी बदलायची होती. शैला फलाटावरच्या बाकावर बसली. रिआला खरं सांगितलं तर ती पुन्हा कॉफी घेऊन बाहेर येईल का, तिला ठाऊक नव्हतं. अमृता नक्की चिडेल. पण झाड धडधाकट होतं, आणि ते म्हातारं झालंय असं समजून शुक्रवारी कापलं जाणार होतं.

ॲमस्टरडॅमची गाडी आली. शैलाने ती जाऊ दिली, मोबाइलमध्ये रिआचा नंबर शोधला, आपल्या मोडक्या डचमध्ये पहिलं वाक्य जुळवलं, 'रिआ, ती माशी मी आणली', आणि फोन लावला.