पासवर्ड आणि न प्यालेली कॉफी

आमच्या सल्ट गावाच्या उतारावर दारं असतात ती वारा अडवायला, माणसं अडवायला नाहीत. रुदैनाच्या घराची किल्ली जिन्यातल्या तुळशीच्या कुंडीखाली असते, हे भाजीवाल्यालाही ठाऊक. आणि ही बाई दवाखान्याच्या कॉम्प्युटरांची राखणदार!

माहिती सुरक्षेची मोठी परीक्षा द्यायची, पास व्हायचं, मग विभागप्रमुखाची खुर्ची तिची. नाही तर खुर्ची संचालकांच्या भाच्याला, झियादला. प्रिंटर चालू आहे की बंद, हे कळायला जो रुदैनाला फोन करतो, त्याला. दोनदा ती आपटली होती. तिसरी संधी शेवटची.

कुलपं, संकेतलिपी, नेटवर्क, सगळं तिला तोंडपाठ. पण त्या पेपरात माणसांचाही एक भाग असतो. कोणी गोड बोलून, घाई करून, भीड घालून माहिती काढू लागला तर काय कराल? तिथे बाई उताणी.

मी तिची वरच्या मजल्यावरची शेजारीण, शदा. पुस्तक हातात घेऊन मीच तिचा सराव घ्यायची.

"अनोळखी माणूस, दोन्ही हातांत खोकी, बंद विभागाच्या दाराशी उभा. काय करशील?"

"दार उघडेन. आणि एक खोकं घेईन."

"रुदैना!"

"बरं बाई, दोन्ही घेईन."

"ओळखपत्र विचार, ओळखपत्र!"

"ज्याचे हात भरलेत त्याला ओळखपत्र विचारू? माझी आई कबरीतून उठून थोबाडीत देईल."

माझं डोकं फिरलं. मी काही कॉलेजची पायरी चढलेली नाही. कायदा शिकले कोर्टाबाहेरच्या बाकावर, आणि माणसं वाचायला शिकले पाण्याच्या टँकरसाठी मोर्चे काढताना. गोडबोल्या साहेब मला जिन्यातूनच वासानं कळतो. म्हटलं, पुस्तक पुरे झालं. हिला खरा झटका हवा.

मी गेले गावातल्या वडीलधाऱ्या हाज मिफ्लेहकडे. भांडण मिटवायचं असो की मुलीला मागणी घालायची, गाव त्यांनाच पुढे करतं. ते बसतात, यजमान कॉफी देतो, ते कप उचलून खाली ठेवतात. मागणी मान्य झाली तरच पितात. त्यांना कॉफी न पिता जाऊ देणं म्हणजे घराच्या अब्रूवर पाणी. आजवर एकाही घराची तशी छाती झाली नव्हती.

"तिच्याकडे दवाखान्याचा पासवर्ड मागा," मी म्हटलं. "नुसती परीक्षा घ्यायचीय."

हाजनी मिशी कुरवाळली. "मागतो."

दुपारची नमाज आटोपून ते इस्त्रीचा अंगरखा घालून हजर. रुदैनानं कडू कॉफी ओतली. हाजनी कप खाली ठेवला.

"पोरी, एक मागणं घेऊन आलोय. दवाखान्याचा पासवर्ड हवा."

रुदैनाचा चेहरा पांढराफटक. मी पडद्याआड ओठ चावत उभी. देते आता, देते!

तिनं खाली बघितलं. मग कप उचलला, कॉफी मोरीत ओतली, परत गरम भरून पुढे ठेवला. "हाज, गार झाली होती."

"मागण्याचं काय?"

"कॉफी गरम आहे, हाज."

पुन्हा गार. पुन्हा गरम. नाही म्हणेना, देईना. जिन्यात बायका जमल्या. कोणी सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं. मला हसूही येईना. मी पडदा सारला.

"हाज, पुरे झालं. गंमत होती."

"गंमत तुझी असेल," हाज गरजले. "कप माझा आहे. ठेवलेला कप मी कधी तसाच सोडला नाही, आणि आज एका पासवर्डापायी सोडणार नाही!"

झालं. माझीच काडी, माझंच छप्पर. रुदैनानं माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात माझ्या सात पिढ्या भाजल्या. मग ती शांतपणे हाजसमोर बसली.

"हाज, तुमच्याकडे कोणी विधवेनं दागिने ठेवायला दिले आणि मी येऊन कप खाली ठेवला, तर ते दागिने मला द्याल?"

"तोबा! ती अमानत, दुसऱ्याची ठेव."

"पासवर्ड माझा नाही. आजाऱ्यांचे कागद आहेत त्याच्यामागे. कोणाचं काय दुखतं, कोणाला मूल होत नाही. तुमच्या घरचेही असतील."

हाजनी कप बोटानं जरा फिरवला. जिन्यातल्या बायका बिया फोडायच्या थांबल्या.

"मग मागणं बदलतो," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे माझ्यावर स्थिरावले. "या शदानं पुढचा महिनाभर चारचौघांत तोंड उघडायचं नाही. हे देतेस?"

"दिलं!" रुदैना इतक्या झटकन म्हणाली की तिला आधीपासून तेच हवं असावं.

"अगं, माझं तोंड तू कसं देतेस?"

पण हाज कॉफी पिऊन मोकळे झाले होते.

परीक्षेत प्रश्न आला: सगळे मानतात असा वडीलधारा माणूस स्वतः येऊन पासवर्ड मागतो, काय कराल? रुदैना त्या हॉलमध्ये इतक्या मोठ्यानं हसली की पर्यवेक्षकानं तंबी दिली. पर्यायांत कॉफी तापवणं नव्हतं, म्हणाली. मग नकारावर खूण केली.

पास झाली. खुर्ची मिळाली. तिच्या घरी कुनाफा मिठाईची परात आली, सगळी गल्ली आली, झियादही आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पेपर सोपा होता म्हणे." माझ्या जिभेवर त्याच्यासाठी अशी काही वाक्यं आली की सोन्यानं मढवावीत. समोर हाज बसले होते, माझ्याकडे बघत, हातात कप.

मी कुनाफाचा मोठा घास तोंडात कोंबला. किल्ली मात्र अजूनही कुंडीखालीच आहे. महिना संपू दे, मग त्यावर बोलते.