पिंडाशेजारची विडी

आज घाटावर कुणाच्या तरी दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. शेवटी गेलेल्याच्या मुलीने पिंडाशेजारी विडी ठेवली. "बाबांना लागायची," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही होता. अन्न समोर आलं की त्याला मळमळायचं. गांजाचे दोन झुरके घेतले की मात्र म्हणायचा, "दादा, तुझंही ताट सरकव इकडे." अब्रूपायी मी तो गांजा चुलीत टाकला. मग त्याचं ताट भरलेलंच परत जाऊ लागलं. त्याच्या दहाव्याला मी लोकांना सांगितलं, गांजाने गेला. कावळा आलाच नाही.

आता सगळे उभे राहून फांदीवरच्या कावळ्याकडे बघताहेत. हा कावळा उतरण्याआधी मला एवढं सांगू द्या. माझा भाऊ गांजाने गेला नाही. गांजा होता तोवर तो जेवत होता.