हाताने लोटलेली माती

एझ्रा तळकरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. इकडे परदेशात, वॉन गावच्या एका ज्यू दफनभूमीत तो कबरी खणायचा. त्यांच्यात माणूस गेला की शक्यतो दुसऱ्याच दिवशी पुरतात आणि खड्डा रात्रभर उघडा ठेवत नाहीत. म्हणून खणायचं ते त्याच सकाळी. मी त्याच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं.

वरची गोठलेली जमीन मशीन फोडायचं. पुढचं एझ्रा फावड्याने करायचा. कडा सरळ, तळ सपाट. एक ढेकूळ राहिलं तरी मला परत खाली उतरवायचा.

"कोण बघणार आहे?" मी एकदा म्हणालो.

"ज्याला झोपायचंय तो."

"त्याला कळणार आहे होय?"

"बळवंता, तुम्ही जाळणारे. तुला काय कळणार खड्ड्यातलं."

एझ्रा अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. घरी मराठी, शनिवारी काम बंद. त्यांच्यात माती लोटणं हे नातेवाइकांचं काम. पहिली माती फावड्याच्या उलट्या बाजूने लोटायची, घाई नाही हे दिसावं म्हणून. फावडं एकमेकांच्या हातात द्यायचं नाही. मातीत रोवायचं, पुढच्याने उपसून घ्यायचं. नातेवाईक थकले की उरलेलं आम्ही भरायचो, तेही हाताने. "माणसाला माणसांनी झाकायचं," एझ्रा म्हणायचा.

त्याची बायको करुणा नगरची ख्रिस्ती. दफनभूमीने एझ्राला कोपऱ्यातली एक जागा फुकट देऊ केली होती, कामाची कदर म्हणून. पण ती त्याच्या एकट्यापुरती. ज्यू नसलेल्या बायकोला तिथे जागा नव्हती. तो विषय निघाला की करुणावहिनी हसायच्या. "बरंच झालं. मेल्यावर तरी तुझे चिखलाचे बूट दारात दिसणार नाहीत."

नोव्हेंबरात त्या गेल्या. कॅन्सर होता.

त्यांना स्कारबरोच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. पास्टरची प्रार्थना झाली. पेटी खड्ड्यावर पट्ट्यांवर टेकलेली होती. काळ्या कोटातला एक माणूस म्हणाला, चर्चच्या हॉलमध्ये कॉफी ठेवली आहे. सगळे गाड्यांकडे निघाले. एझ्राने आपलं फावडं डिकीत घालून आणलं होतं. तो थबकला. मग मला म्हणाला, "यांच्यात आधी चहापाणी दिसतंय." आणि तोही निघाला.

हॉलमध्ये कप रिकामा करून त्याने त्या माणसाला विचारलं, माती घालायला परत कधी जायचं.

"इट्स ऑल डन, सर. आवर क्रू डज इट."

आम्ही परत गेलो. ओल्या गवतावर मशीनच्या चाकांच्या खुणा होत्या. मातीवर फुलं नीट मांडली होती. एझ्राने बुटाने ढीग दाबून पाहिला. "चांगला भरलाय," म्हणाला. मग तिथेच खाली बसला.

"मी कॉफी पीत होतो, बळवंता."

काही दिवसांनी त्याने वॉनची जागा नको म्हणून कळवलं आणि करुणावहिनींच्या शेजारची विचारली. ते ऐकून मुलगी केया लंडनहून परत आली. ती तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे.

"डॅड, यू हॅव युवर ओन स्पॉट. तिकडे क्रॉसच क्रॉस आहेत. तुझे लोक येतील? प्रेयर कोण म्हणणार?"

ते खरं होतं. त्यांची मृतासाठीची प्रार्थना दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही.

"नाही आले तर नाही म्हणणार," एझ्रा म्हणाला. "आमचे पहिले लोक नवगावच्या किनाऱ्यावर पुरलेत. जहाज फुटलं, प्रेतं वाहत आली, असं सांगतात. पुरुष एका ढिगाखाली, बायका दुसऱ्या. नवराबायको तिथेही वेगळे. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला विचारतायत."

त्यानंतरही तो गुडघे चालेपर्यंत कामावर येत राहिला. दर रविवारी करुणावहिनींच्या कबरीवर, ज्यूंच्या रीतीने, एक खडा ठेवून यायचा. गेल्या फेब्रुवारीत तो गेला.

सिनेगॉगमधून सात माणसं आली. प्रार्थना झाली नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मराठीत एक स्तोत्र वाचलं, तेवढंच. या वेळी कोणी कॉफीचं नाव काढलं नाही. केयाने एझ्राचंच फावडं उलटं धरून पहिली माती लोटली आणि माझ्या हातात द्यायला लागली.

"मातीत रोव," मी म्हणालो.

तिने रोवलं. मी उपसून घेतलं. माती गोठून दगड झाली होती. आलटून पालटून भरता भरता दुपार गेली. मशीन झाडाखाली बंद उभं होतं. ड्रायव्हर त्यात बसून होता, जवळ आला नाही.

का आला नाही ते केयाने गाडीत सांगितलं. तिथे मशीन न लावता हाताने भरायचं तर वेगळी फी पडते. एझ्राने ती आधीच भरून ठेवली होती. फावडं मारून मिळवलेल्या मजुरीतून शेवटी हे आलं: करुणावहिनींच्या शेजारची जागा, आणि त्याच्यावर आम्हाला फावडं मारायची परवानगी.